काजळी निघाली बेस कॅम्पला!

एव्हरेस्टच्या ट्रेकला गेलेला प्रत्येक जण दुपारच्या वाऱ्याच्या नावानं बोटं मोडतो. त्याच वाऱ्यावर बसून शहरातला धूर हिमनद्यांपर्यंत पोचतो. तिकीट नाही, परमिट नाही, शेर्पा नाही. भेटा या न दिसणाऱ्या ट्रेकरला...

पहाटेचे तीन. काठमांडूच्या थामेलमधलं हॉटेल. अंगावर तीन थरांचे कपडे, डोळ्यांवर झोप आणि तोंडात एकच प्रश्न : ‘यार, हे विमान दुपारी नसतं का?’

एव्हरेस्ट बेस कॅम्प करून आलेला कुणीही मित्र गाठा (हल्ली ऑफिसच्या प्रत्येक फ्लोअरवर एक तरी सापडतोच!), लुक्लाच्या फ्लाइटचा किस्सा तो सांगणारच. लुक्लाची धावपट्टी जेमतेम ५२७ मीटरची, तीही चढावर बांधलेली. एका टोकाला डोंगर, दुसऱ्या टोकाला दरी. विमानं बहुतेक सगळी सकाळचीच. ऐन सीझनमध्ये तर त्यातली बरीचशी काठमांडूऐवजी रामेछापहून सुटतात. म्हणजे मध्यरात्रीच जीपमध्ये बसायचं आणि चार-पाच तास हाडं खिळखिळी करून घ्यायची. एवढा अट्टाहास कशासाठी? उत्तर सगळ्यांना पाठ असतं : दुपारी वारं सुटतं.

पण हे वारं रोज घड्याळ लावल्यासारखं का सुटतं, आणि येताना सोबत काय घेऊन येतं, हे विचारायचं राहूनच जातं. चेकलिस्टमध्ये डायमॉक्स असतं, थर्मल असतं, चॉकलेटं असतात. वाऱ्याचा कुणी विचार करत नाही. आज तोच करू.

दरीची लोकल

फंडा तसा सोपा आहे. सकाळी सूर्य वर आला की दरीचे उतार आधी तापतात. उताराला चिकटलेली हवा तापते, हलकी होते आणि वर सरकायला लागते. तिची जागा घ्यायला दरीच्या तळातली हवा येते. तिच्या जागी आणखी खालची. अरुंद दरीत हवा मुळात कमी, त्यामुळे ती मोकळ्या मैदानावरच्या हवेपेक्षा लवकर तापते. बघता बघता अख्खी दरीच धुराड्यासारखी खालची हवा वर ओढायला लागते. सकाळी नऊ-दहाला नुसती झुळूक, दुपारी एक-दोनला टोपी उडवणारा वारा. ऊन उतरलं की खेळ उलटा. उतार भराभर थंड होतात, त्यांच्यावरची जड हवा खाली घरंगळते आणि रात्रभर वारा डोंगराकडून मैदानाकडे वाहतो.

मुंबईकरांना हे टाइमटेबल वेगळं समजावून सांगायला नको. सकाळपासून सगळी गर्दी एका दिशेला, रात्री सगळी परत. फरक एवढाच, की या लोकलनं वर गेलेले सगळेच रात्री घरी परतत नाहीत. काही जण शेवटच्या स्टेशनावर उतरतात आणि तिथेच राहतात. का राहतात, ते पुढे बघूच.

लुक्लाचा ट्रेक ज्या दरीतून जातो ती दूधकोशीची. नाव दुधाचं, पाणीही तसंच पांढुरकं, कारण हिमनदीनं दळलेल्या दगडाचं पीठ त्यात असतं. दूधकोशी पुढे सुनकोशीला मिळते आणि कोशी होऊन बिहारमध्ये गंगेला जाते. नकाशावर हाच रस्ता उलटा बघा. गंगेच्या मैदानातून निघायचं, नदीचं बोट धरायचं आणि शे-दीडशे किलोमीटरमध्ये समुद्रसपाटीपासून शे-दोनशे मीटरवरून थेट पाच हजार मीटरवर. जगातला सगळ्यात उंच डोंगर आणि जगातल्या सगळ्यात दाट वस्तीच्या मैदानांपैकी एक यांच्यामध्ये इतकंच अंतर आहे. मध्ये दार नाही.

आजीचं काजळ

आता या लोकलचा प्रवासी. शास्त्रज्ञ त्याला ब्लॅक कार्बन म्हणतात. आपल्याकडे त्याला फार जुना आणि फार सुंदर शब्द आहे : काजळी.

ज्यांच्या आजीनं घरी काजळ धरलं असेल त्यांना केमिस्ट्रीचं लेक्चर नको. तुपाचा दिवा लावायचा, त्यावर तांब्याची ताटली पालथी धरायची, ज्योत कोंडायची. पुरेशी हवा मिळाली तर तूप पूर्ण जळतं, मागे फारसं काही उरत नाही. हवा कमी पडली की अर्धवट जळलेला कार्बन ताटलीला काळा, मऊ, रेशमी चिकटतो. डिझेलच्या जुन्या इंजिनात हेच होतं. ओल्या लाकडाच्या चुलीत हेच होतं. वीटभट्टीत, शेतात पेटवलेल्या धसकटांत, जंगलातल्या वणव्यात हेच. फक्त ताटली धरायला कुणी नसतं, म्हणून काजळी हवेत जाते.

तिचे कण इतके बारीक असतात, की डोक्याच्या केसाच्या जाडीत शेकड्यानं मावतील. त्यामुळे त्या पटकन खाली बसत नाहीत. पाऊस किंवा बर्फ पडून धुऊन निघेपर्यंत साधारण आठवडाभर त्या हवेत राहू शकतात. आठवड्यात वारा कुठून कुठे नेतो ते तुम्हीच मोजा. ‘आठवडाभर’ हा शब्द मात्र लक्षात ठेवा. पुढे तो फार महत्त्वाचा होणार आहे.

काठमांडूची वाटी

काठमांडू हे शहर म्हणजे वाटीच्या तळाला ठेवलेला भात. तळ समुद्रसपाटीपासून १३०० मीटरच्या आसपास, भोवती दोन हजार मीटरच्या वरचे डोंगर. हिवाळ्यात रात्री थंड हवा या वाटीत साचते आणि वर उबदार हवेचं झाकण बसतं. सकाळी लोक उठतात, चुली-शेगड्या पेटतात, बस-मोटारसायकली सुरू होतात आणि सगळा धूर झाकणाखालीच घुटमळतो. सकाळी आठला थामेलच्या गल्लीत घसा खवखवतो तो याचमुळे. मग दहा-अकराच्या सुमाराला पश्चिमेकडून वारं सुटतं, झाकण उडतं आणि साचलेला धूर पूर्वेच्या खिंडींमधून बाहेर ढकलला जातो. शहराला वाटतं, चला, हवा स्वच्छ झाली! घर झाडून केर शेजाऱ्याच्या अंगणात लोटला की आपलं घर स्वच्छ होतंच की.

या शहराचा काजळीशी झगडा मात्र जुना आहे आणि त्यातले काही किस्से मस्त आहेत. लखनौ बनावटीचे डिझेलचे ‘विक्रम’ टेम्पो एकेकाळी इथल्या रस्त्यांवर राज्य करायचे. मागे धुराचा शेपटा घेऊन फिरणाऱ्या या तीनचाकींना १९९९ मध्ये काठमांडू खोऱ्यातून हद्दपार केलं गेलं आणि त्यांच्या जागी बॅटरीवरचे ‘सफा टेम्पो’ आले. ‘सफा’ म्हणजे स्वच्छ. त्यातले कित्येक टेम्पो बायका चालवतात. आपल्याकडे इलेक्ट्रिक रिक्षा बातमी व्हायच्या आधीची ही गोष्ट आहे. अलीकडच्या वर्षांत तर नेपाळमध्ये नव्यानं येणाऱ्या मोटारींपैकी निम्म्याहून जास्त इलेक्ट्रिक आहेत.

दुसरी गोष्ट वीटभट्ट्यांची. जानेवारी ते एप्रिल या कोरड्या महिन्यांत खोऱ्याच्या कडेनं भट्ट्यांची धुराडी पेटलेली असायची. एप्रिल २०१५ चा भूकंप झाला आणि त्यातली कितीतरी धुराडी कोसळली. गंमत बघा. अख्खा देश पुन्हा बांधायचा होता, म्हणजे विटा तर हव्याच होत्या. मग काठमांडूतल्या ‘इसिमोड’ या हिमालयावर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेनं भट्टीवाल्यांना गाठलं. पडलंच आहे तर नवं नीट बांधू! जुन्या भट्टीत हवा विटांमधून सरळ निघून जायची. नव्या ‘झिगझॅग’ भट्टीत विटा अशा रचतात, की हवेला डावीकडे-उजवीकडे वळणं घेत जावं लागतं. हवा आणि आग जास्त वेळ एकत्र राहतात, कोळसा नीट जळतो. कोळशाचं बिलही कमी, काजळीही कमी. मालकाला यातलं पहिलं कारण पुरेसं होतं. पर्यावरणाच्या कामाला असा व्यवहार जोडला, की गाडी भराभर पुढे जाते, हे माझं आपलं निरीक्षण.

पण एव्हरेस्टच्या बर्फावरची सगळी काजळी काठमांडूच्या माथी मारणं चूक होईल. काठमांडू एक थांबा आहे. खरी गर्दी मागच्या स्टेशनांवरून येते. दिल्लीपासून पाटण्यापर्यंतचं गंगेचं मैदान, तिथली शहरं, भट्ट्या, ट्रक, डिझेलचे जनरेटर, कोट्यवधी चुली. थंडीपासून मान्सूनपर्यंत या मैदानावर धुरक्याची जाड गोधडी पसरलेली असते. मार्चनंतर ऊन चढतं, जमीन तापते आणि गोधडी वर उचलली जाते. ती हिमालयाला टेकते. आणि तिथे दऱ्या तोंड उघडून उभ्याच असतात.

‘मग आपल्या मुंबई-पुण्याचा धूर?’ हा प्रश्न मलाही पडला होता. हिवाळ्यात आपल्याकडचे वारे बहुतांशी समुद्राकडे वाहतात. १९९९ मध्ये ‘इंडोएक्स’ नावाच्या मोठ्या आंतरराष्ट्रीय मोहिमेत व्ही. रामनाथन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना अरबी समुद्रावर आणि हिंदी महासागरावर तरंगणारं हेच धुरकं सापडलं होतं. सुमारे तीन किलोमीटर जाडीचं! म्हणजे आपली काजळी प्रामुख्यानं बीचवर जाते. डोंगरावर आपण स्वतः जातो. त्याचा हिशोब पुढे आहे.

पाच हजार मीटरवरचा पिरॅमिड

लोबुचेहून गोरक्षेपकडे जाताना मुख्य वाट सोडून थोडं आत गेलं, की एक अजब इमारत दिसते. काच आणि धातूचा चकचकीत पिरॅमिड. १९५४ मध्ये के-टू सर करणाऱ्या इटालियन मोहिमेचे नेते, भूगर्भशास्त्रज्ञ आर्दितो देसिओ यांच्या डोक्यातून निघालेली ही प्रयोगशाळा १९९० मध्ये इथे उभी राहिली. मार्च २००६ मध्ये तिच्या जवळच, ५०७९ मीटर उंचीवर, हवा अखंड मोजणारं केंद्र सुरू झालं.

काजळी मोजतात कशी? यंत्र फिल्टर कागदातून हवा ओढतं. कागदावर डाग पडतो. डाग किती काळा झाला ते प्रकाश टाकून मोजायचं. किचनच्या चिमणीचा फिल्टर बघून ‘या महिन्यात तळण जास्त झालं’ असं आई सांगते, तोच प्रकार. फक्त अब्जांश ग्रॅमपर्यंत अचूक.

पहिल्या दोन वर्षांचे आकडे इटलीच्या पाओलो बोनासोनी आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केले. तोपर्यंत समज असा होता, की एवढ्या उंचीवरची हवा म्हणजे पृथ्वीवरची सगळ्यात स्वच्छ हवा. पावसाळ्यात ती खरंच तशी निघाली. दर घनमीटर हवेत काजळी जेमतेम ५० नॅनोग्रॅम. पण मान्सूनच्या आधी, मार्च ते मे, तोच आकडा ३०० च्या वर. सहा पटींनी जास्त. आणि सरासरी सोडा, त्या दिवसांत अधूनमधून असे झटके यायचे, की आकडे बघून हे केंद्र हिमालयात आहे की एखाद्या शहरात, असा प्रश्न पडावा.

दिवसाचा आलेख त्याहून बोलका होता. रात्री काजळी कमी, सकाळी चढती, दुपारी कळस. म्हणजे लुक्लाची विमानं जमिनीवर बसवणारं वारंच काजळीला वर पोचवत होतं. हिमालयातल्या दऱ्या म्हणजे प्रदूषण थेट पाच हजार मीटरवर नेणारे बोगदे आहेत, असा त्या अभ्यासाचा अर्थ होता. शास्त्रज्ञांची भाषा अर्थातच जास्त सभ्य होती.

आणि टायमिंग बघा. मार्च ते मे म्हणजे मैदानात गव्हाची कापणी आणि नंतर पेटवलेली धसकटं. डोंगरात चिडाच्या सुया वाळून वणवे. भट्ट्यांचा हंगाम. वर बर्फावर वर्षातलं सगळ्यात कडक ऊन चढत असतं. धुऊन काढायला पाऊस अजून आलेला नसतो. पुन्हा ट्रेकिंगचा सीझनही तोच. अप्रायझल, टॅक्स आणि बॉसची रजा एकाच आठवड्यात यावी, तसं!

पांढऱ्या शर्टावरचा डाग

एवढीशी काजळी करते तरी काय? ताजं बर्फ त्याच्यावर पडलेल्या उन्हातलं ८० ते ९० टक्के ऊन परत आकाशात भिरकावतं. म्हणून तर बर्फात गॉगल लागतो. हिमनदी उन्हात टिकते ती या पांढऱ्या रंगाच्या जोरावर. काजळीचा रंग याच्या नेमका उलट. ती ऊन गिळते आणि शेजारच्या बर्फाला गरम करते. एक टन बर्फात १० मिलिग्रॅम काजळी, म्हणजे चिमटीतही न येणारी, एवढीच मिसळली तरी बर्फाची ऊन परतवण्याची ताकद शंभरात एखाद्या टक्क्यानं घटते. डोळ्यांना काही कळत नाही. सूर्याला कळतं.

पुढचा भाग जास्त वाईट. बर्फ वितळतं, पाणी वाहून जातं, काजळी मात्र बरीचशी वरच अडकून राहते. म्हणजे उरलेला थर आणखी काळा. ओल्या बर्फाचे कण फुगून मोठे होतात आणि मोठे कण आधीच कमी ऊन परतवतात. एक टक्का दोनाला बोलावतो, दोन तिनाला. शेवटच्या स्टेशनावर उतरलेला प्रवासी परत का येत नाही, त्याचं हे उत्तर. वाऱ्यानं चढलेली काजळी बर्फाला चिकटते, किंवा हिमकणातच अडकून खाली पडते. रात्रीची परतीची गाडी तिला मिळतच नाही.

पिरॅमिडजवळच्या हवेतले २००६ च्या उन्हाळ्याचे आकडे घेऊन तेप्पेई यासुनारी या जपानी संशोधकानं आणि सहकाऱ्यांनी हिशोब मांडला. एवढी काजळी बर्फावर बसली, तर त्याची चमक २ ते ५ टक्क्यांनी कमी होईल. ही घट टिकून राहिली, तर अशा हिमनदीवरून ७० ते २०० मिलिमीटर पाणी जादा वाहून जाईल. म्हणजे हिमनदीच्या प्रत्येक चौरस मीटरवरून सत्तर ते दोनशे लिटर. एव्हरेस्टच्या उत्तरेच्या बाजूला, रोंगबुक हिमनदीत भोक पाडून काढलेल्या बर्फाच्या दांड्यातही काजळीचा इतिहास थरांनी सापडला. १८६० ते १९७५ या काळाच्या तुलनेत १९७५ ते २००० मध्ये काजळी सुमारे तिप्पट.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा, कारण मी स्वतः त्यात फसलो होतो. गोरक्षेपजवळ खुंबू हिमनदी दिसते ती काळी-राखाडी, दगडगोट्यांनी भरलेली. ‘बापरे, एवढी काजळी?’ असं वाटतं. ती काजळी नव्हे. ते आजूबाजूच्या कड्यांवरून पडलेले दगड आहेत आणि त्यांचा थर जाड असला तर तो खालच्या बर्फाला उन्हापासून चक्क वाचवतो. काजळीचं नुकसान होतं ते वर, जिथे बर्फ अजून पांढरंशुभ्र दिसतं आणि आपण फोटो काढून ‘प्युअर’ अशी कॅप्शन टाकतो तिथे.

सगळा दोष काजळीचा, असंही नाही. हवा तापते आहे, हे हिमनद्या वितळण्याचं पहिलं कारण. वाळवंटातली धूळही बर्फ मळवते. इसिमोडच्या २०२३ च्या अहवालानुसार हिंदुकुश-हिमालयातल्या हिमनद्या २०११ ते २०२० या दशकात आधीच्या दशकापेक्षा ६५ टक्के जास्त वेगानं घटल्या. यात काजळीचा वाटा किती, धुळीचा किती, तापमानाचा किती, यावर शास्त्रज्ञ वाद घालत असतात. काजळी त्या खटल्यातली एकटी आरोपी नाही, पण आरोपींमध्ये नक्की आहे.

गंगोत्री आणि रोहतांग

नेपाळ लांब वाटत असेल तर आपल्याकडे या. गंगोत्रीहून गोमुखच्या वाटेवर चीरबासा लागतं. भरपूर मराठी ट्रेकर तिथून गेलेले असतील. तिथे ३६०० मीटरवर डेहराडूनच्या वाडिया इन्स्टिट्यूटनं काजळी मोजली. २०१६ च्या ऑगस्टमध्ये सरासरी होती दर घनमीटरला ०.०८९ मायक्रोग्रॅम, मे महिन्यात ०.८४०. नऊ पटींहून जास्त. त्याच उन्हाळ्यात उत्तराखंडची जंगलं पेटली होती, आठवतंय? आग विझवायला हवाई दलाची हेलिकॉप्टर पाण्याच्या बादल्या घेऊन उडाली होती. बातम्या आगीच्या आल्या. काजळी कुठे गेली त्याची बातमी झाली नाही.

आणि मग आपली लाडकी मनाली. हनिमून असो की बुलेटवरून लडाख, रोहतांगच्या बर्फात एक फोटो तो हवाच. उंची ३९७८ मीटर. सीझनमध्ये तिथे डिझेलच्या टॅक्सींची रांग लागायची, चढणीवर क्लचचा वास आणि बर्फाच्या भिंतीवर काळा फवारा. राष्ट्रीय हरित लवादानं फेब्रुवारी २०१४ मध्ये जो निकाल दिला त्यात हिमनद्या वितळण्यामागे काजळी हे मोठं कारण असल्याचं म्हटलं आणि गाड्यांवर मर्यादा आल्या. आधी दिवसाला १०००, पुढे १२०० : ८०० पेट्रोलच्या, ४०० डिझेलच्या. काजळीसाठी पर्यटकांच्या गाड्या मोजून सोडण्याचा प्रकार आपल्या देशात नवाच होता.

टॅक्सीवाले रस्त्यावर उतरले. त्यांचंही खरं होतं. वर्षातले चार-पाच महिने कमाईचे, गाडीचा हप्ता बारा महिन्यांचा. ऑक्टोबर २०२० मध्ये ९ किलोमीटरचा अटल बोगदा सुरू झाला आणि रोहतांग न चढताही लाहौलला जाता येऊ लागलं. बोगदा मुळात बारमाही रस्त्यासाठी. पण झालं काय, खिंडीवरची गर्दी कमी झाली आणि बोगद्याच्या पलीकडे सिस्सूला गाड्यांची रांग लागली. आधी बर्फ अडवायचं तेवढीच गर्दी थांबायची, आता तेही अडवत नाही. आम्ही पर्यटक फार चिवट जमात आहोत!

चूल कुणाची, बर्फ कुणाचं?

जागतिक बँकेच्या २०२१ च्या अभ्यासाप्रमाणे हिमालयाच्या बर्फावर बसणाऱ्या मानवनिर्मित काजळीत ४५ ते ६६ टक्के वाटा दोघांचा मिळून आहे : उद्योग, त्यातही वीटभट्ट्या, आणि घरातल्या लाकूड-शेणीच्या चुली. रस्त्यावरच्या डिझेलचा वाटा ७ ते १८ टक्के.

हा आकडा वाचून एसी कॅबमध्ये बसलेल्या माणसाला हायसं वाटण्याचा धोका आहे. ‘म्हणजे त्या चुली बंद करा की!’ पण चुलीपुढे बसलेल्या बाईच्या फुप्फुसात आधी जातो तो धूर, मग बर्फावर. तिला चुलीची हौस नाही. उज्ज्वला योजना मे २०१६ मध्ये सुरू झाली ती गंगेच्या मैदानातल्याच बलियामध्ये. सिलिंडर घरोघर गेले. पण पहिला संपल्यावर दुसरा भरायला पैसे नसले, की सिलिंडर कोपऱ्यात आणि चूल पुन्हा पेटती. माझ्या मते हिमनदी वाचवण्याचं सगळ्यात स्वस्त यंत्र म्हणजे तो भरलेला दुसरा सिलिंडर. त्याच्या किमतीवर हिमालयाच्या परिषदांमध्ये फार चर्चा होत नाही.

आता तो ‘आठवडाभर’. आपण आज सोडलेला कार्बन डायऑक्साइड शतकानुशतकं हवेत रेंगाळतो. आज सगळं बंद केलं तरी जुना हिशोब उरतोच. काजळीचं तसं नाही. आज धूर थांबला, तर पुढच्या आठवड्यात हवेतली काजळी गेलेली असते.

हे नुसतं गणित नाही. २०२० च्या मार्चमध्ये लॉकडाऊन लागला आणि जालंधरकरांनी गच्चीवरून लांबची धौलाधारची बर्फाची रांग बघितली. ते फोटो आपल्या सगळ्यांच्या ग्रुपवर फिरले. त्याच काळात अमेरिकेतल्या एडवर्ड बेअर आणि सहकाऱ्यांनी उपग्रहांतून सिंधूच्या खोऱ्यातलं बर्फ पाहिलं. ते आधीच्या वीस वर्षांच्या सरासरीपेक्षा स्पष्टपणे स्वच्छ होतं. त्यांच्या अंदाजानुसार त्यामुळे साडेसहा घन किलोमीटरच्या आसपास पाणी लगेच वितळून न जाता बर्फ म्हणून थांबलं असावं. म्हणजे आपलं कोयना धरण दोनदा काठोकाठ भरेल आणि वर थोडं उरेल, एवढं. तेही काही महिन्यांच्या शांततेत, आणि कुणी ठरवून न करता.

ठरवून केलं तर? तेच जागतिक बँकेचे अभ्यासक म्हणतात, की आत्ता कागदावर असलेली धोरणं पूर्ण अमलात आणली तरी बर्फावरची काजळी २३ टक्क्यांनी कमी होईल. जोडीला आणखी काही केलं तर निम्म्यावर आणता येईल. या पाण्यावर डोंगरातले २४ कोटी आणि खालच्या खोऱ्यांतले १६५ कोटी लोक अवलंबून आहेत.

ग्रुपमध्ये बेस कॅम्पचं ठरत असेल तर लुक्लानंतर दूधकोशीवरचे झुलते पूल लागतील. सगळ्या पुलांवर रंगीत पताका बांधलेल्या असतात. पहिल्या दिवशी सकाळी फाकदिंगकडे निघाल तेव्हा त्या गपगार लोंबत असतात, नाहीतर किंचित खालच्या बाजूला हलत असतात. दुसऱ्या दिवशी नामचेच्या चढाआधीचा उंच पूल गाठेपर्यंत दुपार झालेली असेल. तिथे पूल हलतो म्हणून घाबरून पळत सुटू नका. मध्यावर एक मिनिट थांबा आणि पताकांकडे बघा. सगळ्या ताठ होऊन फडफडत असतील, एकाच दिशेला. वर.